गळ्यातला टाक

१५ जानेवारी १९५३, गुरुवार. बुधवारा, बुऱ्हाणपूर

पाच पत्रं झाली, एक तार झाली, अन् जावयाचं एका ओळीचं कार्ड नाही! दोन वर्षं झाली, हा माणूस तिकडं मुरगावला, फिरंग्यांच्या मुलखात, खनिजाच्या कंपनीत कारकुनी करतोय. इकडं बायको, माझी रजनी, छातीच्या रोगानं सात महिने खाटेवर. डॉक्टर म्हणाले, पोरं या घरात नकोत. मंग कुठं ठेवू? फळीवर? मथी सहा वर्षांची, तिला समजतं. चुडामण तीनचा. दार उघडं दिसलं की आईच्या खाटेकडं धावतो, अन् रजनी तोंडावर पदर धरून म्हणते, याला न्या, न्या. रोज हेच. माझा भाऊ दत्तू, त्याच्या बायकोनं आठ दिवस ठेवली पोरं. नवव्या दिवशी कपड्यांचं गाठोडं बांधून माझ्या दारात!

ठरलं. सुधाकररावांची पोरं सुधाकररावांच्या दारात नेऊन सोडते. रजनी बरी होईस्तोवर सांभाळा म्हणते. आमचे हे म्हणाले, न बोलावता जाणार? म्हटलं, पोरं बापाकडं चालली, पाहुणी म्हणून नाही. रजनीजवळ हे राहतील.

१७ जानेवारी, शनिवार

टांगा दारात आला तेव्हा रजनी भिंत धरून ओट्यापर्यंत आली. सात महिन्यांत पहिल्यांदा. पोरांना हात लावला नाही. मला म्हणाली, "त्यांना सांग, मी ओट्यापर्यंत चालते आता." बस. एवढाच निरोप.

मला रडू आलं नाही. टांगेवाला घाई करत होता.

१८ जानेवारी

दत्तू पुण्यापर्यंत आला अन् परत फिरला. मास्तर माणूस, उद्या शाळा आहे म्हणे. बहिणीला परमुलखात एकटी सोडायला त्याला बरी सबब मिळाली.

१९ जानेवारी, सोमवार

लोंढ्याला उजाडलं. चुडामण माझ्या लुगड्यावर ओकला. नळावर पदर धुतला अन् ओलाच घेऊन बसले. मथीला भूक, ह्याला शू, मंग ह्याला भूक, तिला शू. समोरची बाई म्हणाली, तुमची नातवंडं गुणी आहेत. म्हटलं, दोन दिवस ठेवून घ्या. ती हसली. मी खरंच म्हणत होते.

क्यासलराकला आपल्या मुलखाची हद्द संपते. चुंगी-जकातवाल्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं. वळकटी सोडा, डबा उघडा, वळकटी बांधा. ऊन चढलं. पुन्हा डब्यात. मंग घाट. बोगद्यात पोरं माझ्या मांडीत डोकं खुपसतात, बाहेर आलं की पुन्हा मारामारी. एका वळणावर डब्यातली सगळी माणसं खिडकीकडं धावली. मथीनं मला हलवलं, "आजी, पहा ना, डोंगरातून दूध पडतंय!" पाहिलं. पाणी होतं.

कुळ्याला फिरंग्यांचा नाका. पुन्हा उतरा. दोन तास उभं. एक गोरा साहेब अन् एक दुभाष्या. साहेबानं तिळाचे लाडू फोडून पाहिले, आत सोनं आहे का म्हणून. अकरा लाडू फोडले. मथी म्हणाली, ते बाबांचे आहेत. कोणी ऐकलं नाही. मी चुरा फडक्यात बांधला. चुडामण तेवढ्यात मूठभर खाऊन मोकळा.

मंग साहेबानं माझ्या गळ्याकडं बोट केलं. हा कोणता देव, म्हणून दुभाष्यानं विचारलं.

"देव नाही. आमच्या ह्यांची पहिली बायको. मालूबाई."

दुभाष्याला वाटलं, मी थट्टा करते. म्हटलं, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाई दिसत नाही का? पहिली वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. तीस वर्षं माझ्या गळ्यात आहे. सणाला पहिला घास तिचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. आत्ता संक्रांतीचं वाणसुद्धा आधी तिला. नाहीतर गेलेली बाई घरात फिरत राहते म्हणतात. त्यानं साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, काढून दाखव. म्हटलं, हा काढायचा नसतो. मालूबाई तुमच्या मुलखात आली म्हणून तुमचं काय बिघडतं? दुभाष्यानं त्याला काय सांगितलं देव जाणे, पण सोडलं.

"अन् ह्या पोरांची आई?" त्यानं विचारलं.

"घरी आहे. आजारी आहे."

त्यानं लिहून घेतलं.

मुरगावला पोचलो तेव्हा उजेड होता. जुन्या पाकिटावरचा पत्ता हमालाला दाखवला. एक कडेवर, एक हाताशी. दार एका बाईनं उघडलं.

पुढचं उद्या.

२० जानेवारी, मुरगाव

शोभा नाव तिचं. बेळगावकडची. सुधाकररावांची बायको. लग्नाला वर्ष झालं.

मी म्हटलं, मी बुऱ्हाणपूरची, ह्या पोरांची आजी. तशी ती माझ्या पाया पडली. चुडामणला उचलून घेतलं. म्हणाली, "आई, मी रजनीताईंना उपाशी ठेवत नाही. रोजचा पहिला घास त्यांचा." अन् पदर बाजूला करून दाखवला. चांदीचा टाक. नवा. अजून कडा घासल्या नाहीत.

तापानं गेल्या, असं तिला सांगितलेलं. वर्षापूर्वी! तेव्हा माझी पोरगी आजारीसुद्धा नव्हती.

मी म्हटलं, "ती शनिवारी ओट्यापर्यंत चालत आली."

तिनं चुडामणला कडेवरून खाली ठेवलं. मंग दोरा तोडला, टाक वाटीत ठेवला अन् वाटी माझ्याकडं सरकवली. "जिवंत बाई गळ्यात कशी घालू," म्हणाली. पोरांना भात कालवून दिला. मलाही वाढलं. मी जेवले.

दिवेलागणीला तो आला. आम्हाला पाहून उंबऱ्यातच राहिला, पायातले बूट तसेच. मी शिव्या दिल्या नाहीत. रजनीचा निरोप जसा तिनं दिला तसा सांगितला.

२१ जानेवारी, कुळे

पोरं शोभाजवळ ठेवली. त्याच्याजवळ नाही.

तोच साहेब, तोच दुभाष्या. पदराची गाठ सोडायला लावली, आत शोभाच्या वाटीतला टाक. परवा एक बाई होती, आज दोन कशा? ही कोण मेली?

म्हटलं, कोणी नाही.

सुधाकरराव, निघताना तोंडावर सांगितलं, इथंही लिहून ठेवते. शिवरात्रीपर्यंत बुधवाऱ्यात या. ओट्यावर तिच्यासमोर उभे राहा अन् तुमच्या तोंडानं सांगा, ती मेली की आहे. नाही आलात, तर मी हा टाक तिच्या हातात देईन अन् पोरं घ्यायला येईन. शिवरात्र गुरुवारी, बारा फेब्रुवारीला. उत्तर पाहिजे.