बावीस वर्षांपूर्वीचा दम

प्रिय चिमणे,

मंगळवार, अकरा मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. मी लगेच घड्याळ पाहिलं. नर्सची सवय, काही वाईट घडलं की आधी वेळ टिपायची. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आमचे हे पलीकडच्या खोलीत पाठीशी तीन उशा लावून शब्दकोडं सोडवतायत आणि अडलं की मला हाका मारतायत. त्यांच्या हृदयाची झडप आकसली आहे. चार पायऱ्या चढले तरी धाप लागते, गेल्या आठवड्यात आरशासमोर दाढी करता करता चक्कर येऊन पडले. एकोणीस तारखेला खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलंय. आणि मंगळवारी त्या वेळेला कुरिअरवाल्याने विमा कंपनीचं पत्र हातात दिलं. आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे, सबब खर्चाला मंजुरी नाही. अडीच ओळी. त्यातली अर्धी ओळ ‘आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा’. म्हणजे जखमेवर मीठ, तेही छापील.

फोन केला. आमचा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं एका बाईने मला एकवीस मिनिटं सांगितलं. तेवढ्या वेळात आपण ओपीडीत दहा पेशंट हातावेगळे केले असते. आठवतं ना आपलं सरकारी हॉस्पिटल? कमरेपर्यंत हिरवा रंग मारलेल्या भिंती, ते करकरणारे बाक, आणि केसपेपरची खिडकी, जिथे नाव, वय आणि काय होतंय एवढंच विचारायचे. निवृत्त न्यायाधीश आणि त्यांचाच शिपाई शेजारशेजारच्या खाटांवर होते, आणि साहेब शिपायाकडे वर्तमानपत्र मागून वाचायचे! जास्त आजारी तो आधी, एवढाच आपला कायदा. मंत्र्यांच्या सासूबाईंना तू म्हणालीस, “आजी, तुमची तब्येत ठणठणीत आहे, मागे बसा,” आणि त्या मुकाट्याने बसल्या. उगाच गोडवे गात नाही मी. एका खाटेवर दोन-दोन पेशंट, संपलेला कापूस, गादीतले ढेकूण, सगळं लक्षात आहे. रांग लांब होती. पण उभं राहिलं की नंबर लागायचा. उभं राहायचा हक्कच नाही असं कुणी सांगत नसे.

तिथेच तू मला एकदा सगळ्या वॉर्डासमोर झाडलं होतंस. तू नवी डॉक्टर, मी नवी नर्स, शाळेतली मैत्री दाराबाहेर. एका बाईचा लहानपणी वरचेवर घसा दुखायचा, ते मी किरकोळ म्हणून लिहिलं नव्हतं. आणि त्या घशानेच तिची झडप खाल्ली होती, हे तू शोधून काढलंस. “पेशंट सांगेल ते सगळं लिहायचं. महत्त्वाचं काय ते मी ठरवीन.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि पुढे एकतीस वर्षं शिंकसुद्धा गाळली नाही. ती बाई चालत घरी गेली. तेव्हा केसपेपरवरचा शब्दन् शब्द पेशंटच्या बाजूने बोलायचा.

म्हणूनच तर घोळ झाला. तीन वर्षांपूर्वी पॉलिसी घेतली तेव्हा फॉर्ममध्ये प्रश्न होता, पूर्वी कधी दम लागला होता का? एजंट म्हणाला, “मावशी, मारा रेघ, सगळे मारतात.” मी त्याला असं फैलावर घेतलं की बिचारा चहा न पिताच गेला. खोटं बोलल्याबद्दल कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरने आपल्याला तासभर गुडघ्यांवर बसवलं होतं, ते गुडघे अजून बोलतात. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: होय. बावीस वर्षांपूर्वी, डोंगर चढताना, दोन दिवस. औषधाविना बरे. यांनी वाचून विचारलंही, “अगं, हे केसपेपर आहे की फॉर्म?” मला वाटलं, वाचणारा कुणीतरी डॉक्टरच असेल ना. तोच दम आता ‘आधीपासूनचा आजार’ झालाय. डोंगर चढताना धापा न टाकणारा माणूस मला दाखव!

आपल्या हॉस्पिटललाही जाऊन आले. हृदयाच्या सर्जनची जागा दोन वर्षं रिकामी आहे. बाहेरून सर्जन येतात, नंबर नोव्हेंबरचा. झडप तोवर थांबणार नाही. हे म्हणतात, “राहू दे, पुष्कळ जगलो.” असं म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

आता मुद्द्याचं. त्या अडीच ओळींखाली ‘वैद्यकीय सल्लागार’ म्हणून सही आहे, आणि ती सही मी हजारो केसपेपरांवर पाहिली आहे. तू या विमा कंपनीत गेलीस तेव्हा म्हणाली होतीस की आत डॉक्टर असला तर माणसांचं भलंच होईल, आणि मी सगळ्यांशी तुझ्या वतीने भांडले होते. तुझ्यापुढे नाव नव्हतं, नुसता नंबर होता, असं तू म्हणशील. मानते. पण त्या नंबराची छाती तू ऐकलीस का? रिपोर्ट स्वतः वाचलेस का? मैत्रिणीची मेहेरबानी मला नको. डॉक्टरचं उत्तर हवं: बावीस वर्षांपूर्वीचे ते दोन दिवस म्हणजे हाच आजार, असं तुझं वैद्यकीय मत आहे का? हो किंवा नाही, कारणासकट, लेखी, तुझ्या सहीने, सोमवार सतरा मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नकोस. तू रडशील, मी विरघळेन, आणि यांचं ऑपरेशन राहून जाईल.

तुझीच,
शाळेच्या बाकावरची भांडकुदळ