सातवी स्लाइड

सोमवार, ३
पोहोचले एकदाची. प्रयोगशाळा झकास आहे, खोली तर माझ्या घरच्या खोलीहून मोठी. गोचिडी बाहेर जाऊ नयेत म्हणून अभ्यास संपेपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, इथेच राहायचं. माणसं दोनच, डॉक्टर आणि मी. किल्ल्या त्यांच्याकडे, माझा फोनही त्यांच्याच कपाटात. दादाने निघताना टोमणा मारलाच, की घरात इकडची काडी तिकडे करत नाहीस आणि आता कुत्र्यांची सेवा करणार. सोळा तारखेला न्यायला येतोय.

बुधवार, ५
सहा पिंजरे, सहा कुत्री, सगळ्यांना गोचिडीमुळे आलेला ताप. रोज सकाळी मी त्यांच्या रक्ताच्या स्लाइड बघते आणि पांढऱ्या पेशींमधले जंतूंचे घोस मोजते. आज मात्र स्लाइड सात होत्या. डॉक्टर म्हणाले, सातवी दुसरीकडच्या कुत्र्याची. त्याला तुलनेसाठी मुद्दाम औषध देत नाहीत. अजून तरी ती स्वच्छ आहे. काल माझ्या मानेवर गोचीड चिकटली होती, ती डॉक्टरांनीच अलगद काढली. खबरदारी म्हणून कालपासून रोज माझंही रक्त तपासताहेत. माणूस फार काळजी घेणारा आहे.

सोमवार, १०
गोळ्यांनी आमची सहाही टवटवीत झाली, पिंजऱ्याशी गेलं की अंगावर उड्या मारतात. सातवीत मात्र आज घोस दिसले, नऊ. बिचाऱ्याची दया आली. मलाही कणकण आहे, डोकं ठणकतंय. डॉक्टर म्हणाले, पाणी बदललं की होतं असं.

बुधवार, १२
सातवीत एकतीस. माझ्या पायांवर लाल ठिपके उठलेत. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. गोळ्या मागितल्या, तर म्हणाले, तुझं रक्त अगदी स्वच्छ आहे. तरी मला भीती वाटते.

गुरुवार, १३
हात सुजलाय, म्हणून आज रक्त दिलं नाही.
टेबलावर स्लाइड सहाच होत्या.
सहाच —

शुक्रवार, १४
विचारलं. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. आत्ता औषध दिलं तर इतक्या दिवसांचं काम पाण्यात जाईल, असं समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. मी रडले, त्यांचे पाय धरले. त्यांनी डोळे पुसायला रुमाल दिला. मग दंड बांधून रक्त घेतलं.

शनिवार, १५
उभं राहवत नाही. गोळ्यांच्या कपाटाला कुलूप. खोलीलाही. नाकातून रक्त — थांबत नाही — मला मरायचं नाही —

रविवार, १६
दादा आलाय. फाटकाशी त्याचा आवाज. डॉक्टर सांगताहेत की मी सकाळीच निघाले, हसत गेले. हाक मारतेय, पण घशातून आवाजच —
दादा म्हणतोय, वाटेत चुकामूक झाली असेल.
गाडी सुरू केली. खुर्ची उचलून खिडकीच्या काचेवर मारते, जमेल, जमायलाच —
कुलूप काढताहेत. दादा, थां