समीरच्या खांद्यावरचा डाग

सोमवार, १५ नोव्हेंबर २००४. प्लेनो, टेक्सस

आज लंचला समीरने शर्टाची दोन बटणं काढून सगळ्या टीमला उजवा खांदा दाखवला. बशीएवढा काळानिळा डाग! रायफलच्या धक्क्याचा. आमचा बॉस रॉन असा कौतुकाने बघत होता, जणू पोरानं पदक आणलंय.

वर्षभर रॉनशी रायफलींवर बोलतोय कोण? मी. कुठल्या जनावराला कुठली गोळी, कुठलीचा धक्का किती, याची एक्सेल शीट कोणी बनवली? मीच. आणि हरणाच्या शिकारीला नेलं कोणाला? समीरला. ज्यानं जत्रेतले फुगेसुद्धा कधी फोडले नसतील.

खरं लिहितो. गुरुवारी त्याने मलाच विचारलं, "यार, रॉनकडे दोन रायफली आहेत, कुठली मागू?" टू-फॉर्टी-थ्री सांगायला हवी होती. इथल्या हरणांना ती पुरते आणि नवशिक्याचा खांदाही वाचतो. मी सांगितली थ्री-हंड्रेड मॅग्नम. म्हटलं, बसू दे एकदा दणका, पुन्हा शिकारीचं नाव काढणार नाही.

तर हा त्याच मॅग्नमने हरीण पाडून आला! वर सगळ्यांसमोर म्हणतो, "ह्यानेच सुचवली मला." रॉन मला म्हणाला, "गुड कॉल." पुढच्या वेळी तूही चल, असं काही म्हणाला नाही. आणि तो डाग... किती ऐटीत दाखवत होता.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "मघापासून खांदा का चोळतोयस? दुखतोय का?"

आरशात खांदा बघितला. तिथे काहीच नाहीये.