त्या बाई कोण?

प्रिय दादा,

आईचा आत्ताच डोळा लागलाय. ती उठेपर्यंत जमेल तेवढं लिहिते. सकाळपासून तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा काहीतरी आवरायला उठले. फोनवर हे बोलता येणार नाही. माझा आवाज फुटेल आणि ती ऐकेल.

मी मुलाखत दिली. डोळ्यांच्या दवाखान्यात, चष्म्याच्या काचा बसवायचं काम, माझं जुनंच. आईसाठी नोकरी सोडून नऊ वर्षं झाली, आता कोण घेणार, असं वाटत होतं. तरी आठवडाभर तयारी केली. आरशासमोर उभी राहून "नमस्कार" म्हणायचे आणि पुढे माझंच नाव सांगताना अडखळायचे. आई मागून सांगायची, "खांदे पाडू नकोस. माणूस दारातून आत येतानाच कळतो." शाळेच्या कचेरीत तिने जन्मभर नव्या माणसांच्या मुलाखती पाहिल्या, ते सगळं अजून पक्कं आहे. मी कोण, तेवढं मात्र निसटतं. "तुम्हाला नोकरी लागली की तुमच्या आईला बरं वाटेल हो," असंही दोनदा म्हणाली.

आईजवळ बसणार होत्या त्या शेजारच्या काकू नेमक्या मुलाखतीच्याच दिवशी तापाने आडव्या. आईला बरोबर न्यावंच लागलं. त्यात माझा एक बूट तिने बादलीत भिजत घातलेला. तिच्या जुन्या चपला घातल्या, बोटभर मोठ्या, फटक फटक वाजणाऱ्या. म्हटलं, झालं, छापच पडणार आता. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली, "इथून उठू नकोस" असं चारदा बजावलं आणि आत गेले.

आत मोठे डॉक्टर होते आणि चष्मा विभागाच्या प्रमुख बाई. बाईंनी एक फ्रेम आणि काच पुढे सरकवली, म्हणाल्या, बसवून दाखवा. दादा, हात काही विसरले नव्हते रे. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या हातांकडे कौतुकाने बघत होतं. मग बाईंनी विचारलं, "घरी कोणाचं करावं लागतं का? आम्हाला दांड्या चालत नाहीत." मी म्हणाले, "नाही, कोणाचंच नाही."

तेवढ्यात दार उघडलं. आई. स्वेटर उलटा, केस सुटलेले, बाटलीतलं पाणी साडीवर सांडलेलं. बाईंनी मला विचारलं, "त्या बाई कोण? तुमच्याबरोबर आहेत का?"

मी म्हणाले, "नाही. मी ओळखत नाही यांना."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "माफ करा हं, दार चुकलं." आणि बाहेर जाऊन हलकेच दार लावून घेतलं.

ती खरंच चुकली, की मला सांभाळून घेतलं? तेव्हापासून हाच एक प्रश्न डोक्यात घोळतोय. घरी येताना बसमध्ये तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. "झालं का काम?" एवढंच विचारलं. "तुझं" म्हणाली असती किंवा "तुमचं", तरी मला कळलं असतं.

नोकरी मिळाली. काल निरोप आला, सोमवारी रुजू व्हायचंय. मी लगेच बाईंना फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी आईंची नीट सोय करा आणि मग या." म्हणून हे पत्र. रविवारी तू ये आणि आईला सहा महिने तुझ्याकडे ने. गेल्या दोन वर्षांत तू फिरकला नाहीस, का ते मला ठाऊक आहे. ती तुला ओळखत नाही, ते तुला सोसत नाही. पण दादा, ती विसरते म्हणून ओळखत नाही. मी तर धडधडीत ओळखत असताना नाही म्हणाले. तिला आता काही महिने माझ्यापासून लांब ने. पुन्हा कुणी विचारलं, तर मी काय बोलेन याचा मला भरवसा नाही.

तुझीच,
बारकी