पाहुण्यांसाठी चूल

आई, तू फोडलेली चूल मी पुन्हा घातली आहे. बरं केलं की वाईट, मला कळत नाही.

आपल्या मागचा डोंगर आता अभयारण्यात आहे. लेणी बघून फर्दापूरला मुक्कामी असलेले पाहुणे जंगल बघायला इकडं येतात. चिकलठाण्याच्या कंपनीतली नोकरी सुटल्यावर मी आपल्या दोन खोल्या त्यांच्यासाठी नीट करून घेतल्या. घरी पाहुणे कसे ठेवायचे हे शहरातून शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "जंगल टिकवायचं तर गावाचं पोट त्यावर चालायला हवं. आणि पाहुण्यांना चुलीवरची भाकरी पाहिजे असते." माझी बायको तिथल्या तिथं म्हणाली, "मंग त्यांनीच फुंकावं. मी नाय."

मला तू अजून जंगलाच्या नाक्यावर दिसतेस. मोळी आणताना वनरक्षकानं तुला धरलंय, कोयता काढून घेतलाय, उन्हात बसवून ठेवलंय. मी शाळेतून येतोय. "घरी जा, इथं थांबू नको," तू खेकसतेस. पुढं कंपनीत लागल्यावर मी गॅस आणला, तर त्याच दिवशी तू आपल्या हातानं चूल फोडलीस आणि माती उकिरड्यावर टाकून आलीस. "सुटले बाबा," म्हणालीस. खोकला मात्र सुटला नाही.

आता जंगलातली काडीही कुणी उचलत नाही. झाडी दाटली आहे, मोर अंगणापर्यंत येतात. चुलीची लाकडं मी सिल्लोडच्या वखारीतून टेम्पोनं आणतो. ती कुठल्या रानातली, हे विचारत नाही.

परवा पुण्याच्या एक बाई हौसेनं चुलीपुढं बसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी फुंकत होत्या, नवऱ्याला फोटो काढायला सांगत होत्या. मला म्हणाल्या, "ही तुमच्या आईची चूल का?" मी व्हय म्हणालो. ते ऐकून बायको आत निघून गेली.

पाहुणे येतात म्हणून पोरगी शहरात न जाता इथंच राहायचं म्हणते, डोंगरही हिरवा आहे. तरी धूर निघाला की मला ती चूल लाथेनं पाडावीशी वाटते. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचा अंदाजच येत नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगतो. पाहुणे गेल्यावर उरलेली भाकरी मी एकट्यानं चुलीपुढं बसून खाल्ली. लई गोड लागली.