केतकीचा रेडिओ आणि एकच लाइन

नलू,

फोन ऑफिसातला गुजराती साहेब खोटारडा आहे. लाइनीत एवढी खरखर, आणि म्हणतो, "बराबर छे." त्याच्याशी भांडायला चाललोय.

दहाला कॉम्प्युटरवर केतकीचा अमेरिकेतला मराठी रेडिओ लाव. चांगल्या आवाजाच्या नादी लागू नकोस, तुटत राहतो. सगळ्यांत हलक्या दर्जाचा आवाज निवड. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी येते, पण आपली पोरगी ओळखू येते. तेवढा वेळ फोन उचलू नकोस, इंटरनेटची लाइन तीच आहे.

मी तिला नको ते बोललो, म्हणून वर्षभर तिचा फोन नाही, असं तू म्हणतेस. पण कार्यक्रम आधीच टेप केलेला असतो. त्या वेळी ती मोकळी, आणि आपला फोन एंगेज. दर शनिवारी ती लावून बघत असली तर?

आज रेडिओ ऐकलास की फोन मोकळा ठेवलास, ते इथेच खाली लिही.