दोऱ्याखालचा पारा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पौषात आभाळ भरून आलं की मी अजून शाळेच्या घंटेसाठी कान देऊन बसते. शाळा आपल्या घराला लागूनच, तुम्ही तिथले मास्तर, आणि हवेचा अंदाज घ्यायला सरकारने दिलेली ती पाऱ्याची नळी तुमच्या ताब्यात. तिच्यावर तुम्ही लाल दोरा बांधला होता. पारा दोऱ्याखाली गेला की वादळ येणार म्हणून तुम्ही घंटा बडवायचात, म्हणजे गावाबाहेर लालबागेच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायका वेळेत घर गाठतील. त्या साली मात्र दोनदा घंटा वाजली आणि दोन्ही वेळा लख्ख ऊन पडलं. चौकात लोक तुम्हाला अडवायचे, "काय मास्तरजी, आज घंटा वाजवणार ना? पापड वाळत घालायचेत!" तुम्ही हसायचात, पण घरी आल्यावर तुम्हाला घास जायचा नाही. मेल्यांचा असा संताप यायचा मला!

मग सरकारची ती तार आली. उत्तरेच्या पहाडांवर बर्फाचं मोठं वादळ येतंय, इकडे गारांची भीती आहे, पाऱ्यावर नजर ठेवा. आणि तुम्ही नेमके तापाने अंथरुणावर. दुपारी म्हणालात, "जा गं बाई, पारा बघून ये. खाली असला तर उठतो मी." मी जाते. पारा दोऱ्याच्या चांगलाच खाली आहे. बाहेर मात्र स्वच्छ ऊन. तुम्ही असे फणफणलेले, उठून घंटा बडवणार, आणि उद्या पुन्हा सगळा चौक दात काढणार. मी परत येऊन सांगते, "वर आहे आबा. पडून राहा."

तासाभरात आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळल्या. शेतं पांढरीफटक पडली. माझी वेणी घालणारी शेजारची काकू वेचणीला गेली होती, तिला खाटेवर घालून आणलं. ती पुन्हा बोललीच नाही. काका दारात येऊन एवढंच म्हणाले, "मास्तरजी, आज घंटा का नाही वाजवली?" तुम्ही म्हणालात, "नळीने दगा दिला हो."

तुम्ही सरकारला लिहिलंत. साहेब आला, तपासून म्हणाला, नळी ठीक आहे. "मग माझीच अक्कल बिघडली," म्हणालात आणि दोरा सोडून टाकलात. पुढे कधी घंटेला हात लावला नाहीत. काकूचं मरण तुम्ही आपल्या माथी घेतलंत आणि मी मुकाट तुम्हाला ताट वाढत राहिले. कशी राहिले, देव जाणे.

आज हे लिहिलं खरं, पण पाठवू कुठे? चुलीतच घालीन. शेवटच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "पारा वरच होता ना गं?" मी म्हटलं, "हो आबा."

खाली होता. मी या डोळ्यांनी पाहिला होता.